काचेमागचे पाणी

मुंबईला मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. पुढे मुंबईला सहल घेऊन गेलेल्या कितीतरी शिक्षकांनी आपली मुले तिथे रांगेत उभी केली असतील. मुले काचेला नाक लावून मासे बघतात, गुरुजी पाटीवरचे नाव मोठ्याने वाचतात आणि रांग पुढे सरकते. काचेच्या मागच्या अंगाला काय चालले आहे हे विचारायला कुणाला सवड नसते, आणि तिकडे जायला वाटही नसते. आज मला आपणांला त्या मागच्या अंगाला न्यायचे आहे. मासे क्षणभर राहू द्या, आपण पाण्याकडे बघू. मोठ्या मत्स्यालयातले पाणी टाकीतून गाळणीत आणि गाळणीतून पुन्हा टाकीत रात्रंदिवस फिरत असते. ते किती फिरावे, आणि आपल्याला वाटते तेवढे ते खरोखर फिरते आहे की नाही हे ओळखावे कसे, एवढाच आजचा विषय.

विषय शहरी वाटेल. पण ज्यांच्या विहिरीवर पंप आहे, ज्यांनी पाटाचे पाणी वाफ्याला दिले आहे, त्यांना यातले निम्मे आधीच ठाऊक आहे. उरलेले निम्मे मला स्वतःला जरा महागात पडून कळले. तिथूनच सुरुवात करतो.

काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावी, एका संस्थेच्या आवारात, काचेची एक मोठी टाकी होती. गावाचे नाव नको. टाकीची देखरेख माझ्याकडे होती, तेव्हा जे घडले त्याचा दोषही माझ्याकडेच येतो. टाकी बारा फूट लांब, सहा फूट रुंद आणि आत पाच फूट पाणी. गुणाकार केला तर ३६० घनफूट. एका घनफुटात २८ लिटरांहून थोडे अधिक पाणी मावते, म्हणजे सुमारे दहा हजार लिटर झाले. आत रोहू, कटला, काही महसीर आणि कोपऱ्यात मुरून बसणारे दोन मरळ. टाकीच्या वरच्या कडेला सांडवा होता. सांडव्यातून पाणी मागच्या हौदात पडे. हौदातून पंप ते ओढी, वाळूने भरलेल्या एका बंद पिंपातून दाबून नेई आणि गाळून पुन्हा टाकीत सोडी. अशी ती फेरी होती.

रात्रीच्या पहाऱ्यावर एक वयस्क गृहस्थ होते, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू. पावसाळ्याच्या तोंडाला एकदा मामा मला म्हणाले, “साहेब, धारंचा आवाज बदललाय. पयल्यासारखी पडंना.”

मी जाऊन पाहिले. पंप नेहमीसारखा घुमत होता. पंपाच्या पाटीवर ‘ताशी १६,००० लिटर’ असे लिहिलेले होते. टाकी दहा हजारांची आणि पंप सोळा हजारांचा, मग चिंता कसली? मी म्हणालो, “मामा, पंप चालू आहे ना? मग झालं.”

पुढे श्रावणात एका संध्याकाळी पाऊस आणि वारा झाला, तारा तुटल्या, आणि वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. अकरा तास. मामा रात्रभर थोड्या थोड्या वेळाने बादलीने टाकीतलेच पाणी काढून उंचावरून पुन्हा टाकीत ओतत राहिले. कुणी शिकवले नव्हते त्यांना. म्हणाले, मासे वर येऊन तोंड उघडायला लागले की हवा पाहिजे असते, गावच्या तळ्यात पाहिलंय. सकाळी मी आलो तेव्हा एकूण एक मासा जिवंत होता. तेवढ्यात वीज आली. मी बटण दाबले, पंप सुरू झाला, सगळ्यांना हायसे वाटले. मामा फक्त एवढे म्हणाले, “पान्याला वास येतोय साहेब. गटाराचा.” मी म्हणालो, रात्रभर साचलं होतं, जाईल. आणि आंघोळीला घरी गेलो.

दहा वाजता परत आलो तो पाच महसीर उलटे झालेले. दुपारपर्यंत रोहू आणि कटला धरून अकरा मासे गेले. रात्रभर वीज नसताना जगलेले मासे वीज आल्यावर मेले! मरळ तेवढे शांत होते. मरळ वर येऊन हवेतला श्वास घेतो, म्हणून वाचला.

आता हे असे का झाले, ते एकेक बघू.

पहिली गोष्ट पंपाच्या पाटीची. पाटीवर दोन आकडे असतात. एक पाण्याचा, ताशी इतके लिटर. दुसरा उंचीचा, इतके मीटर. आपण समजतो की हा पंप इतक्या मीटरवर इतके लिटर पाणी चढवील. बहुधा तसे नसते. अशा छोट्या पंपांवर पुष्कळदा दोन्ही आकडे जास्तीत जास्तचे दिलेले असतात, आणि ते एकाच वेळी खरे होत नाहीत. पाणी मुळीच चढवायचे नसेल तेव्हा लिटरचा आकडा खरा. मीटरच्या आकड्याएवढी उंची गाठली की पाणी नळीत नुसते उभे राहते, थेंबही पडत नाही. खरा कारभार या दोन टोकांच्या मधे कुठेतरी चालतो. शेतकरी बंधूंना हे सांगायला नको. मार्गशीर्षात विहीर भरलेली असते तेव्हा धार मांडीएवढी पडते, वैशाखात पाणी तळाला गेले की तोच पंप, तीच पाटी, आणि धार मनगटाएवढी. इंजिनिअर मंडळी या चढणीला ‘हेड’ म्हणतात.

मत्स्यालयात मौज अशी की डोळ्यांना दिसणारी चढण थोडीच असते. आमच्याकडे हौदाच्या पाण्यापासून टाकीत पाणी पडते तिथपर्यंत जेमतेम अडीच मीटर. पण न दिसणारी चढण पुष्कळ होती. पाणी नळीच्या अंगाला घासत जाते, प्रत्येक एल्बोवर वळताना आपटते, वाळूच्या कणाकणांतून वाट काढते. या प्रत्येक ठिकाणी जो जोर खर्च होतो तो पंपाच्या दृष्टीने उंचीच होय. वाळू स्वच्छ धुतलेली असताना आमचा पंप ताशी सोळा हजार नव्हे, सुमारे दहा हजार लिटर देत होता. वाळूत घाण बसत गेली तशी ही न दिसणारी चढण रोज थोडी थोडी वाढत गेली. पंपाचा आवाज तोच राहिला. बदलला तो धारेचा आवाज, आणि तो ऐकला मामांनी.

नळीच्या जाडीबद्दल दोन शब्द सांगतो, कारण ही चूक घरोघर होते. ताशी दहा हजार लिटर म्हणजे सेकंदाला पावणेतीन लिटरांहून किंचित जास्त. दोन इंची नळीतून एवढे पाणी सेकंदाला सुमारे दीड मीटर वेगाने जाते, ते ठीक आहे. तेच पाणी एक इंची नळीतून न्यायचे म्हटले तर वेग सेकंदाला साडेपाच मीटर होतो, आणि घासणीत जाणारा जोर दुप्पट किंवा चौपट नव्हे, सुमारे बत्तीसपट वाढतो. व्यास निम्मा केला की एवढा फरक पडतो. आमच्याकडे मागे एकदा दुरुस्तीला आलेल्या मिस्त्रीने शिल्लक होता म्हणून दोन इंची नळीच्या मधेच दीड इंचीचा चार फुटी तुकडा बसवला होता. त्या चार फुटांनी सोळा-सतरा फूट दोन इंची नळीएवढा जोर खाल्ला. दिसायला तुकडा किती निरुपद्रवी! सांडव्यातून खाली येणाऱ्या नळीला तर पंपाचा जोरही नसतो, पाणी आपल्या वजनानेच उतरते. ती आणखी मोठी हवी. आमच्याएवढ्या टाकीला तीन इंची. ती अरुंद राहिली आणि पंप जोरकस बसवला तर वरची टाकी काठावरून वाहते आणि खालचा हौद कोरडा पडतो.

आता दुसरा प्रश्न. पाणी किती फिरावे?

मोठ्या मत्स्यालयांचा साधारण प्रघात असा की, टाकीत जितके पाणी आहे तितके पाणी एका किंवा दोन तासांत गाळणीतून जावे. घरातल्या लहान पेटीला ते तासाला चार वेळाही फिरवतात. आमच्या टाकीला म्हणूनच ताशी दहा हजार लिटर हवे. पण इथे एक गैरसमज होतो. दहा हजारांची टाकी आणि ताशी दहा हजारांचा फेरा, म्हणजे तासाभरात सगळे पाणी गाळून निघाले, असे आपल्याला वाटते. तसे होत नाही. गाळलेले पाणी न गाळलेल्यात मिसळते, आणि त्या मिश्रणातलेच पुन्हा गाळणीकडे जाते.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा प्रयोग वर्गात करण्याजोगा आहे. एक लिटरची काचेची बरणी ताटात ठेवा. ती काठोकाठ भरा आणि पाण्यात लाल शाईचे थेंब टाकून ढवळा. त्यातले थोडे रंगीत पाणी आधीच एका पेल्यात काढून ठेवा आणि बरणी पुन्हा भरून घ्या. आता एका मुलाने बरणीतले पाणी हलके ढवळत राहावे आणि दुसऱ्याने बारीक धारेने बरोबर एक लिटर स्वच्छ पाणी तीत ओतावे. जादाचे पाणी ताटात सांडू द्या. एक लिटर ओतून झाल्यावर मुलांना विचारा, रंग गेला का? गेलेला नसतो. शंभरातला सुमारे ३७ भाग रंग शिल्लक असतो. पेल्यात काढून ठेवलेल्या पाण्याच्या एका भागात दोन भाग साधे पाणी घालून शेजारी धरा, जवळपास तोच रंग दिसेल. दुसरा लिटर ओतल्यावर शंभरात तेरा-चौदा भाग उरतो, तिसऱ्यानंतर पाच. संपूर्ण कधीच जात नाही.

आमच्या टाकीत तेच चालले होते. धार पूर्ण असताना तीन तासांत शंभरातले पाच भाग पाणी गाळणीकडे जायचे राहून जाई. धार निम्मी झाल्यावर तेवढ्याच तीन तासांत बावीस भाग राहू लागले. घाण आणि माशांचे उत्सर्जन थांबत नाही, ते चालूच असते. म्हणून निम्मी धार हे निम्मे नुकसान नसते. ते साठत जाते.

मग धार दुप्पट का करू नये? हा प्रश्न मला संस्थेच्या एका बैठकीत विचारला गेला, आणि मोठा पंप आणण्याची तयारीही झाली होती. पैशाचा हिशेब आधी सांगतो. त्याच नळीतून दुप्पट पाणी ढकलायला घासणीपुरता जोर सुमारे चौपट लागतो, आणि पाणी दुप्पट असल्यामुळे त्या घासणीपुरती वीज लागते जवळजवळ आठपट. हे झाले बिलाचे. वाळूचे दुखणे वेगळेच. पाणी फार जोराने आले तर ते वाळूच्या सगळ्या थरातून सारखे उतरत नाही. कुठेतरी एक भोक पाडते आणि त्याच वाटेने जाते. पाटाचे पाणी जोरात सोडले की सरीचा बांध फोडून थेट शेवटाला जाते आणि मधली रोपे कोरडी राहतात, अगदी तसे.

उलट फार सावकाश गाळायचे म्हटले तर जागा पुरत नाही. १८२९ साली जेम्स सिम्प्सन यांनी लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्ससाठी सावकाश चालणारी वाळूची गाळणी बांधली. त्या जातीची गाळणी आजही पिण्याच्या पाण्यासाठी उत्तम मानतात. पण तिच्या एक चौरस मीटर वाळूतून तासाला शंभर ते दोनशे लिटरच पाणी उतरते. शंभरच्या हिशेबाने आमच्या दहा हजार लिटरांना शंभर चौरस मीटर वाळू लागली असती. म्हणजे एक गुंठा! बारा फुटी टाकीमागे गुंठाभर गाळणी कोण बांधील? बंद पिंपातली वाळू दाबाखाली काम करते, म्हणून तिला अर्धा चौरस मीटर पुरतो. त्याची किंमत अशी की ती लवकर भरते आणि वरचेवर धुवावी लागते.

शिवाय मासे काय म्हणतात तेही विचारायला हवे. महसीर हा खळाळत्या नदीचा मासा. महाडजवळ काळ नदीवर वाळण कोंड आहे, तिथे वरदायिनीच्या नावाने महसीर राखले जातात. ज्यांनी ते पाहिले असतील त्यांना हा मासा प्रवाहाकडे तोंड करून कसा उभा राहतो ते आठवेल. त्याला धार हवी. गोल्डफिशला त्याच धारेत ठेवले तर ते दिवसभर पोहून दमते. कॅलिफोर्नियात माँटेरे बे येथे १९८४ साली उघडलेल्या मत्स्यालयात केल्प नावाच्या समुद्री शेवाळाचे अठ्ठावीस फूट उंचीचे जंगल एका टाकीत वाढवलेले आहे. केल्पला हलते पाणी लागते. म्हणून तिथे पाणी पुढे-मागे हेलकावणारे यंत्र बसवले. त्याहून गमतीची गोष्ट म्हणजे, दिवसा लोकांना स्पष्ट दिसावे म्हणून तिथे समुद्राचे पाणी गाळून सोडतात आणि रात्री न गाळता, कारण त्या गढूळ पाण्यात तिथल्या जिवांचे खाणे असते. तेव्हा स्वच्छ दिसणारे पाणी आणि जिवांना मानवणारे पाणी या नेहमी एकच गोष्टी असतील असे नाही.

टाकीच्या आतही पाण्याची वाट बघावी लागते. पाणी जिथे आत येते त्याच्या शेजारीच सांडवा असेल तर आलेले पाणी लगेच निघून जाते आणि लांबचा कोपरा तसाच कुजत राहतो. आवक एका टोकाला आणि सांडवा दुसऱ्या टोकाला, आणि येणारी धार तळाकडे किंचित कललेली, अशी मांडणी बरी. कोपऱ्यात घाण कुठे साचते ते आठ दिवस बघावे आणि धारेचे तोंड थोडे थोडे फिरवून पाहावे. याला सूत्र नाही.

आता त्या सकाळकडे परत येतो.

मासे आपल्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात. अमोनिया पाण्यात वाढला तर मासे मरतात. मत्स्यालयात तो वाढत नाही, कारण वाळूच्या कणाकणावर बारीक जिवाणू वस्ती करून असतात. त्यांची एक जात अमोनियाचे नायट्राइट करते आणि दुसरी नायट्राइटचे नायट्रेट. नायट्राइटही विषारीच, नायट्रेट मात्र पुष्कळ सौम्य, आणि झाडांचे तर ते खतच. हे जिवाणू रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८९०च्या सुमारास वेगळे करून दाखवले. आपण वाळूला गाळणी म्हणतो खरे, पण मत्स्यालयात ती एका अर्थी गोठा आहे, आणि गोठ्यातल्या जनावरांना वारा लागतो. एक ग्रॅम नायट्रोजनएवढा अमोनिया पचवायला या जिवाणूंना साडेचार ग्रॅमांहून अधिक प्राणवायू लागतो. आपल्याकडच्या कोमट पाण्यात, समजा २८ अंशांवर, एका लिटरात फार तर आठ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो. म्हणजे साडेचार ग्रॅम प्राणवायूसाठी सुमारे सहाशे लिटर पाणी त्या वाळूतून जायला हवे. थोडक्यात, पाण्याचा फेरा घाण घेऊन जातो तसा जिवाणूंचा श्वासही घेऊन येतो.

पंप थांबला की बंद पिंपात तोच श्वास थांबतो. जिवाणू आणि वाळूत अडकलेली घाण मिळून पिंपातला प्राणवायू थोड्या वेळात संपवतात. मग दुसऱ्या जातीचे, प्राणवायूवाचून जगणारे जिवाणू कामाला लागतात, आणि त्यांच्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. माशांना तो अत्यंत थोड्या प्रमाणातही घातक. अकरा तासांत आमच्या पिंपात हे सगळे झाले होते. वाळू आधीच घाणीने भरलेली असल्यामुळे लवकर झाले. सकाळी मी बटण दाबले आणि पिंपातले ते सगळे काळे पाणी माझ्या हाताने टाकीत ढकलले. मामांना आलेला वास तोच होता.

ही गोष्ट काही नवीन नव्हती, आणि याचेच मला जास्त वाईट वाटते. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्या काळच्या टाक्यांत पाणी फारसे फिरत नसे, पाणवनस्पतींच्या भरवशावर सगळे चाले. पुढे विल्यम अल्फर्ड लॉइड नावाच्या इंग्रज गृहस्थाने पाणी सतत फिरते ठेवण्याचा आग्रह धरला. १८६४ साली हॅम्बुर्गला आणि १८७१ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्याने मत्स्यालये उभी केली. तिथे खाली अंधारात मोठा हौद असे, वर दिसणाऱ्या टाक्यांपेक्षा मोठा, आणि पाणी दिवसरात्र त्यातून वर आणि वरून खाली फिरत राही. १८७४ साली उघडलेल्या नेपल्सच्या मत्स्यालयातही त्याचीच पद्धत वापरली गेली. दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाला फेरा थांबू देऊ नये हे माहीत होते. आणि आमच्याकडे विजेची खात्री नाही हे माहीत असूनही, फेरा थांबला तर काय, याचा विचार आम्ही केलेला नव्हता.

त्यानंतर जे केले ते सांगतो, आणि ते कुणालाही करता येईल.

पहिल्याने दीड इंची तुकडा काढला. मग धार मोजली. दोनशे लिटरचे रिकामे पिंप टाकीत पडणाऱ्या धारेखाली धरले आणि घड्याळ लावले. पिंप भरायला १४४ सेकंद लागले. ताशी पाच हजार लिटर! सोळा हजारांच्या पाटीखाली आम्ही पाच हजारांवर दिवस काढत होतो. मग वाळूतून उलटा प्रवाह सोडून ती धुतली. या कामाला टाकीतलेच पाणी वापरावे. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते आणि ते आपले उपकारकर्ते जिवाणू मारून टाकते. धुतल्यावर पुन्हा मोजले. ७२ सेकंद, म्हणजे बरोबर दहा हजार. लहान टाकी असेल तर पिंपाऐवजी बादली घ्या, आणि तीन वेळा मोजून मधला आकडा धरा.

धार फार झाली तर ती कमी करण्यासाठी पंपाच्या पुढच्या, म्हणजे पाणी बाहेर पडते त्या बाजूचा व्हॉल्व्ह थोडा बंद करावा. ओढीच्या बाजूचा कधीही करू नये. तिकडे आवळले की पंपाच्या पोटात पाण्याचे बुडबुडे होतात आणि फुटतात, आत खडे खुळखुळावेत तसा आवाज येतो आणि पंपाचे पंख झिजतात.

वीज गेली की वरच्या टाकीतले पाणी त्याच नळीतून उलटे खाली येऊ शकते. नळीचे तोंड पाण्यात खोल बुडालेले असेल तर टाकी तिथपर्यंत रिकामी होते. म्हणून पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली नळीला एक लहानसे भोक पाडले. तिथून हवा शिरते आणि ओढ तुटते. आमच्या टाकीचे पाणी एक इंच उतरले तरी १७० लिटर होतात, तेव्हा खालच्या हौदात तेवढी जागा नेहमी मोकळी ठेवली. भोकात शेवाळ बसते, ते काडीने मोकळे करावे लागते. बॅटरीवर चालणारा हवेचा एक छोटा पंपही घेतला, तो वीज गेल्यावर टाकीत हवा सोडतो. त्यामुळे मामांची बादली सुटली.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे गाळणीच्या पिंपातून बाहेर, बागेकडे जाणारी एक वेगळी वाट केली. फेरा बराच वेळ थांबला असेल तर आधी ती वाट उघडायची, पंप सुरू करायचा आणि पिंपातले साचलेले पाणी बाहेर सोडायचे. वास गेला, पाणी निवळ आले, की मगच टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा. टाकीत जेवढे पाणी कमी पडेल तेवढे रात्रभर उघड्यावर शिळे केलेले पाणी भरायचे. पुढचे काही दिवस माशांना खाणे निम्मे द्यायचे, कारण वाळूतले जिवाणूही थोडेफार मेलेले असतात आणि त्यांची वस्ती पुन्हा वाढायला वेळ लागतो.

पंपाशेजारच्या भिंतीवर मामांनी खडूने दोन आकडे लिहून ठेवले, ७२ आणि ९०. दर सोमवारी पिंप धरायचे. ९० सेकंदांच्या वर वेळ गेला, म्हणजे धार ताशी आठ हजारांच्या खाली आली, की वाळू धुवायची. हा ९०चा आकडा कुठल्या पुस्तकात नाही, आमच्या टाकीसाठी आम्ही ठरवला. आपल्या टाकीसाठी आपल्याला वेगळा ठरवावा लागेल.

पुढच्या वर्षी आषाढात पुन्हा एकदा रात्रभर वीज गेली. मला कुणी बोलावले नाही. सकाळी मी पोहोचलो तेव्हा पंप चालू होता, महसीर धारेकडे तोंड करून उभे होते, आणि भिंतीवर खडूने लिहिले होते: ‘लाईट ९ तास नाही. पहिलं पाणी नारळाला सोडलं. नंतर मोजलं, ७४.’